कुत्र्याला मधमाशी चावली तर काय करावं, दवाखाना कधी गाठावा

कुत्रा माशीला हुंगायला किंवा पकडायला जातो, त्यामुळे डंख बहुतेक नाकावर, ओठावर नाहीतर पंजाला बसतो. थोबाड सुजतं आणि घरचे घाबरतात. डंख एकच असेल आणि कुत्रा एरवी ठीक असेल तर घरी निभावतं. मात्र नुसत्या सुजेकडे बघत बसू नका. कुत्र्यात खरं संकट हिरड्यांवर आणि पोटात दिसतं.

आधी तिथून हला. काट्याच्या वासाने बाकीच्या मधमाश्या चवताळतात. आग्या मोहोळ उठलं असेल तर कुत्र्यासकट गाडीत किंवा खोलीत शिरा आणि दार लावून घ्या.

मग काटा काढा. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात, म्हणून तो विषाच्या पिशवीसकट कातडीत अडकतो, आणि माशी उडाली तरी पिशवी विष ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या मिनिटभरात आत जातं. चिमटा शोधण्यापेक्षा नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने लगेच खरवडा. केस बाजूला सारले की बारीक काळा ठिपका दिसतो, तोच काटा. दुखत असताना घरचा कुत्राही चावतो, तेव्हा डोकं दुसऱ्या कुणी धरावं. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधू नका. गांधीलमाशी काटा सोडत नाही, पण पुन्हा पुन्हा डंख मारते.

डंख तोंडा-मानेजवळ असेल तर गळ्यातला पट्टा काढा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 5-10 मिनिटं धरा, थोडं थांबून पुन्हा धरा. चुना, रॉकेल, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका: चुन्याने कातडी भाजते आणि लावलेलं सगळं कुत्रा चाटतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत. अ‍ॅलर्जीची गोळीही डॉक्टरांना वजन सांगून, विचारूनच द्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत सेटिरिझिनच्या जोडीला पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन असतं, घोळ तिथे होतो.

आता पहिला तासभर दर 10 मिनिटांनी हिरड्या तपासा. ओठ वर करून सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोट दाबा. जागा पांढरी पडते, ती 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. कुत्रा धडधाकट असताना हे एकदा करून ठेवलं तर फरक चटकन कळतो.

हिरड्या फिकट पडल्या, उलटी किंवा जुलाब सुरू झाले, झोकांड्या जायला लागल्या, श्वास घरघरला किंवा कुत्रा कोसळला तर थेट दवाखाना. निघतानाच फोन करा. एकदाच झालेली उलटी ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून सोडू नका. कुत्र्यात तीव्र अ‍ॅलर्जीचा घाला यकृत आणि आतड्यांवर जास्त पडतो, त्यामुळे श्वास बिघडण्याआधीच पोट बिघडू शकतं. तिथे गोळी पुरत नाही, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन आणि सलाईन लागतं. डंख तोंडात किंवा घशात असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर मुळीच नाही. अंगभर गांधी उठल्या, डोळ्याजवळ डंख असला किंवा सूज दुसऱ्या दिवशीही वाढत राहिली तर त्याच दिवशी दाखवा.

दहा-बारा डंख बसले असतील तर कुत्रा खेळत असला तरी न्या. इतकं विष लाल रक्तपेशी फोडतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं, आणि हे कधी एक ते तीन दिवसांनी उघड होतं. तोवर लघवीचा रंग बघत राहा. कोकमासारखी लाल किंवा काळपट झाली तर रात्र असली तरी निघा.

काय चावलं ते कुणी पाहिलंच नसेल, सूज भराभर चढत असेल किंवा जखमेतून रक्त थांबत नसेल, तर माशी समजून बर्फ धरत बसू नका. साप चावलाय असं धरूनच दवाखाना गाठा.