बजेटमधला ऑल-इन-वन घ्यायचाय? दुकानात जाण्याआधी एवढं वाचा

ऑल-इन-वन म्हणजे मॉनिटरच्या पोटातच अख्खा कॉम्प्युटर, खाली सीपीयूचा डबा नाही, वायरींचं जंजाळ नाही, एक पॉवरची केबल लावली की काम सुरू, म्हणून पणजी-मडगावच्या फ्लॅटवाल्यांना तो आवडतो आणि त्यात काही चूक नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवून जा, की आज मशीनमध्ये जे आहे जवळपास तेच शेवटपर्यंत राहणार. साध्या डेस्कटॉपला रॅम वाढवा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदला, मॉनिटर गेला तर दुसरा जोडा, सगळं चालतं, गोवा सरकारने विद्यार्थ्यांना दिलेले सायबरएज योजनेतले पीसी लोकांनी असेच ठिगळं लावून वर्षानुवर्षं ओढले. इथे तसं नाही. आतले बहुतेक पार्ट लॅपटॉपचे, आणि स्क्रीन गेली की कॉम्प्युटरपण गेल्यातच जमा.

म्हणून प्रोसेसरच्या आधी रॅमचं बघा. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी पुरते, प्रत्यक्षात ८ च्या खाली बघूच नका, आणि ८ वर सुद्धा ब्राउझरचे पंधरा टॅब, पोरांचा ऑनलाइन क्लास आणि एक्सेल एकदम उघडलं की मशीन धापा टाकतं. १६ परवडत असेल तर प्रश्नच मिटला. ८ च घेणार असाल तर ती पुढे वाढवता येते का हे आधीच कळायला हवं, आणि ते सेल्समनला विचारून उपयोग नाही, तो 'जाता, जाता' (होतं, होतं) म्हणून मोकळा होतो. डिस्प्लेला ठेवलेल्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. खालच्या बाजूला 'स्लॉट्स युज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' अशा दोन ओळी दिसतात. स्लॉटवाल्या ओळीत १ ऑफ २ असेल तर चांगलंच, पण माझ्या मते दुसरी ओळ जास्त महत्त्वाची, तिथे 'एसओडीआयएमएम' असेल तर काढता-घालता येणारी रॅम, आणि 'रो ऑफ चिप्स' असेल तर सहसा बोर्डावरच सोल्डर केलेली, ती कधीच वाढायची नाही.

प्रोसेसरमध्ये नावावर भुलू नका. रायझन ३ ७३२०यू ऐकायला एकदम नवा वाटतो ना, ७००० सिरीज वगैरे, पण एएमडीच्या त्या नंबरात तिसरा आकडा आतलं डिझाइन कुठल्या पिढीचं ते सांगतो, इथे तो २ आहे म्हणजे झेन २, जे २०१९ सालचं. वाईट नाही, घरकामाला चालतं, पण नव्याचे पैसे मोजू नका, आणि त्याच्यासोबत येणारी एलपीडीडीआर५ रॅम सोल्डर केलेलीच असते. इंटेलचा एन१०० बँकिंग, यूट्यूब, टायपिंग एवढ्यापुरता ठीक. घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर आय३-१२१५यू किंवा त्याच्या पुढचा घ्या, ६ कोर आहेत, काही वर्षं त्रास देणार नाही.

स्टोरेज एसएसडीच हवं, ते हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान, ५१२ जीबी. जुन्या स्टॉकमधला १ टीबी हार्डडिस्कवाला पीस कोणी 'जास्त जागा आहे' म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड ऑल-इन-वन पण खूप फिरतात, दिसायला चकाचक असतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं, तेव्हा सहाव्या जनरेशनचा आय५ कितीही स्वस्त मिळाला तरी त्यावर लिनक्स टाकायची तयारी असेल तरच हात लावा.

स्क्रीन साधारण २४ इंची, फुल एचडी, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारं पॅनल), एवढं बस. आता जरा मशीनच्या मागे वाकून पोर्ट बघा. बहुतेकांना एचडीएमआय-आउट असतो, म्हणजे इथलं चित्र दुसऱ्या स्क्रीनवर न्यायला, काही मोजक्यांना एचडीएमआय-इन, म्हणजे बाहेरचं चित्र ह्या स्क्रीनवर आणायला, तो पण असतो, आणि तो मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण उद्या आतला कॉम्प्युटर मेला तरी स्क्रीन नुसती मॉनिटर म्हणून वापरता येते.

आता आपल्याकडचा खरा शत्रू, ओल. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीवर बुरशी चढते तिथे बोर्डाची काय कथा, आणि समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवा वेगळीच. बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला चिकटवून मशीन ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा, आणि जून ते सप्टेंबर रोज थोडा वेळ तरी चालू करा, आतल्या उबेने ओल धरत नाही. बंद केल्याकेल्या गरम असतानाच प्लास्टिकचं कव्हर घालायची सवय असेल तर सोडा. मागच्या जाळीतून मुंग्या आत जातात, पाल पण जाते, त्यामुळे खाण्याच्या टेबलावर तर नकोच.

आणि लाइट. लॅपटॉपसारखी बॅटरी ह्यात नसते, लाइट गेली की सगळं गेलं, म्हणून ६०० व्हीएचा साधा यूपीएस बजेटमध्ये धरूनच चला. ऑल-इन-वन वीज कमी खातो, त्यामुळे बॅटरी नवी असताना वीस-पंचवीस मिनिटं सहज निघतात आणि वायफायचा राउटर पण त्यावरच लावता येतो. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा, म्हणजे मेन लाइनसारखी वीज देणारा, आहे का बघून घ्या. गडगडाट आपल्याकडे आषाढापेक्षा मे महिन्यात आणि पाऊस परतताना ऑक्टोबरात जास्त, तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि लॅनची (इंटरनेटची) केबल असेल तर ती पण काढा.

खरं सांगायचं तर मला विचाराल तर मी मिनी पीसी आणि वेगळा मॉनिटर सुचवेन, डब्बा मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसतो, जागा तेवढीच लागते आणि एक बिघडलं तर दुसरं वाचतं. पण घरात आई-बाबा वापरणार, कोणाला जोडाजोडी नको, तर ऑल-इन-वनच बरा.

घासाघीस करताना हजार-पाचशे कमी करून घेण्यापेक्षा वॉरंटी वाढवून मागा. ती ऑनसाइट आहे का, आणि ऑनसाइट म्हणजे तुमच्या पिनकोडला खरंच माणूस येतो का, हे कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर आधी फोन करून विचारा, पणजीत येणारा टेक्निशियन सत्तरी किंवा काणकोणला येईलच असं नाही. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, मायक्रोसॉफ्ट ऑफिस लाइफटाइम आहे की एक वर्षाचं ते पण लिहून घ्या. आणि बाबांना मराठीत टाइप करायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की फोनेटिक कीबोर्ड फुकट मिळतो.