दिवाळीआधी घर बाहेरून स्वतः धुताना: खानदेशातल्या घरांसाठी

खानदेशात घर धुवायचं म्हटलं की दोन सण डोळ्यासमोर येतात, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई. बाहेरच्या भिंतींसाठी दोन्ही वेळा चुकीच्या. आखाजीच्या सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा 43-44 च्या आसपास असतो. पाणी मारलं की भिंत पिऊन टाकते, साबण जागेवरच वाळतो आणि त्याचे ओघळ धुळीपेक्षा वाईट दिसतात. शिवाय त्या दिवसांत नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कानबाईचे रोट श्रावणात, तेव्हा घर आतून झाडूनपुसून घ्या, पण बाहेरची भिंत धुतली तर पुढच्याच सरीत अंगणातला चिखल पुन्हा कंबरेइतका उडतो.

परतीचा पाऊस गेला की दिवाळीआधीचे दहा-पंधरा दिवस सगळ्यात चांगले. विहिरीला, बोअरला पाणी असतं, ऊन सोसवतं आणि उत्तरेच्या भिंतीवरचं शेवाळ अजून हिरवं असतं. ते तसंच राहिलं तर उन्हाळ्यापर्यंत वाळून काळं पडतं, मग सहज निघत नाही.

भिंत कशाची आहे ते आधी बघा

मातीचं धाब्याचं घर असेल तर पाणी अजिबात लावू नका. कोरड्या कुंच्याने झाडा, पोपडे निघालेत तिथे लिंपून घ्या. चुन्याची भिंतही धुण्याची नाही. खरवडून पुन्हा चुना मारणं स्वस्तही पडतं आणि टिकतंही. जुन्या पेठांमध्ये सागवानी खांब आणि नक्षीच्या चौकटी असलेले वाडे अजून उभे आहेत. त्या लाकडावर नळी सोडू नका, पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा.

हा लेख मुख्यतः सिमेंट प्लास्टर आणि वर बाहेरचा रंग असलेल्या घरासाठी आहे. अशा भिंतीवर कोरडा तळहात जोरात फिरवा. हाताला रंगाची पांढरट पावडर लागली तर रंगाचं आयुष्य संपत आलंय. धुऊन भिंत स्वच्छ होईल, चमक येणार नाही. तिला रंगच हवा. जोत्याजवळ पांढरा लोणा फुटला असेल तर तो भाग कोरड्या ब्रशने झाडून बाजूला ठेवा. पाणी मारलं की लोणा विरघळून परत आत जातो आणि पंधरा दिवसांत पुन्हा फुलतो. भेगांमध्ये तर पाणी जाऊच देऊ नका. काळ्या मातीवरच्या घरांना उन्हाळ्यात जमीन आकसते, पावसात फुगते, म्हणून भेगा असणारच. त्या आधी भरून वाळू द्या, धुणं नंतर.

वीज

घाई इथेच नडते. कूलरची पिन सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. बाहेरचे दिवे, बेल, बोअरच्या मोटरचा स्टार्टर, कॅमेरे हे सगळं मेन स्विचवरून बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही, कारण मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनला करंट राहतो. मीटरच्या पेटीवर प्लॅस्टिक बांधा आणि तिच्या आजूबाजूचा हातभर भाग फक्त फडक्याने पुसा.

खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर मेन पाडल्यावरही चालूच असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गल्ल्यांमध्ये ती गॅलरीला घासून जाते, वरचं आवरण उन्हाने तडकलेलं असतं. शिडी, लांब दांडा आणि पाण्याचा फवारा या तारेपासून आणि रस्त्यावरच्या तारांपासून किमान 3 मीटर लांब हवा. तेवढी जागा नसेल तर भिंतीचा तो तुकडा सोडून द्या. वायर उघडी दिसली तर आधी महावितरणला 1912 वर तक्रार करा. अ‍ॅल्युमिनियमची शिडी तारेजवळ आणायचीच नाही.

शिडीपेक्षा दांडा बरा

जमिनीवर उभं राहून जितकं होईल तितकं जमिनीवरूनच करा. रंगाच्या दुकानात रोलरला लावायचा लांबवता येणारा दांडा मिळतो. त्याला मऊ नायलॉनचा ब्रश बसवला की तळमजल्याची भिंत छज्जापर्यंत आरामात होते. पहिल्या मजल्याचं बरंचसं गॅलरीतून आणि खिडकीतून उरकतं. गच्चीच्या कठड्यावरून वाकून खालची भिंत घासायची कल्पना मनातही आणू नका.

शिडी लागलीच तर तिचा पाय भिंतीपासून उंचीच्या पाव अंतरावर ठेवा: 12 फुटांवर टेकवली तर पाय 3 फूट बाहेर. आता खानदेशातली खास अडचण. घराभोवती काळी माती असेल आणि तुम्ही तासभर भिंतीवर पाणी मारलं असेल तर शिडीखालची जमीन लोण्यासारखी झालेली असते. तुम्ही वर चढता, एक पाय दोन बोटं खचतो आणि वरचं टोक हळूच एका बाजूला सरकायला लागतं. खाली असताना हे जाणवत नाही, सहाव्या पायरीवर जाणवतं. म्हणून शिडीच्या दोन्ही पायांखाली मिळून एकच रुंद फळी टाका आणि एक माणूस शिडी धरायला ठेवा. त्याने मोबाइल घरात ठेवलेला बरा. शिडीवर ओली चप्पल नको, आणि हात पुरत नसेल तर खाली उतरून शिडी सरकवायची.

कोरडी झाडझूड

पाणी लावायच्या आधी जाळी-जळमटं आणि धूळ कोरड्या ब्रशने झाडा. कोरडी धूळ भिजली की गारा होतो आणि तो भिंतीभर पसरतो. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या) गिरण्यांच्या आसपासच्या घरांत खिडक्यांच्या जाळ्यांना कापसाची तुसं चिकटलेली असतात, तीही कोरडीच ओढून काढा. कबुतरांची विष्ठा मात्र कोरडी खरवडू नका. तिची भुकटी श्वासात जाणं फुप्फुसाला वाईट. आधी भिजवा, मास्क लावा, मग उचला. कुंड्या, विटा हलवताना हात घालण्याआधी काठीने हलवा, विंचू असतो.

छज्जाखाली गांधीलमाश्यांचं पोळं किंवा आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूचं काम थांबवा आणि जाणकाराला बोलवा. शिडीवर असताना माशी अंगावर आली तर माणूस आधी हात सोडतो.

साबणाचं पाणी

10 लिटर पाण्यात कपड्यांची साधी साबण पावडर दोन मोठे चमचे, बस. जास्त घातली तर धुऊन काढायला दुप्पट पाणी लागतं. साधी अर्ध्या इंची नळी सुटी सोडली तर मिनिटाला 10-15 लिटर सहज जातात, म्हणून टोकाला दाबायचं पिस्तूल लावा.

सावलीतली भिंत धरा: सकाळी पश्चिमेची, दुपारनंतर पूर्वेची. एका वेळी सहा-सात फूट रुंद पट्टा घ्या. आधी तो साध्या पाण्याने भिजवा, मग साबण खालून वर लावत न्या. वरून सुरुवात केली तर खालच्या कोरड्या भिंतीवर मळकट ओघळ उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात. पाच-सात मिनिटं थांबा. मळ भिजूनच सुटतो. त्या मिनिटांत चहा घ्या, पण भिंत वाळू देऊ नका. मग ब्रश हलक्या हाताने फिरवा आणि साध्या पाण्याने वरून खाली धुऊन काढा. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, त्यामुळे खिडक्यांच्या काचा लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके बसतात.

शेवाळ

साबणाने शेवाळ वरवर निघतं, भिंतीत रुतलेलं तसंच राहतं. त्यासाठी ब्लीचिंग पावडर, म्हणजे पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल. 10 लिटर पाण्याला साधारण 200 ग्रॅम. प्लॅस्टिकच्याच बादलीत, आधी पाणी आणि मग त्यात पावडर. अर्धा तास ठेवा, खाली चुन्याचा गाळ बसेल, वरचं निवळ पाणी वापरा. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. रंगीत भिंतीवर आधी कोपऱ्यात बोटभर लावून बघा, रंग उडू शकतो. ब्रशने लावा, 10-15 मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. तुळस आणि कुंड्या आधी पाण्याने चिंब करा, काम झाल्यावर पुन्हा धुवा. डोळ्यात उडालं तर 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुऊन थेट दवाखाना.

हे पाणी मारायला कपाशीचा पाठीवरचा पंप काढायचा मोह होतो, कारण तो घरोघरी असतो. नको. टाकीत आणि नळीत कीटकनाशकाचा, तणनाशकाचा अंश कितीही खंगाळला तरी राहतो. तो तुमच्या श्वासात जातो आणि अंगणातली झाडंही मारतो. वेगळा छोटा हाताने दाबायचा फवारा घ्या.

दुसरा मोह अ‍ॅसिडचा. फरशी-संडास साफ करायला दारावर विकायला येतं ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सिमेंट आणि चुना खातं. भिंत दोन दिवस उजळ दिसते, नंतर प्लास्टरची वाळू हाताला लागते. आणि ते ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, जो जमिनीलगत साचतो आणि श्वास कोंडतो. कूलरखालच्या क्षारांच्या पांढऱ्या रेघांसाठी टाइल्सवर व्हिनेगर चालतं, पण ब्लीचिंग वापरलं त्या दिवशी तेही नाही.

प्रेशरचं मशीन

भाड्याने मिळतं, घरगुती मशीन 100 बारच्या पुढेही मारतं. माझं मत विचाराल तर फरसबंदी, फाटक आणि दगडी जोत्यापुरतंच वापरा. भिंतीवर मारायचंच तर पसरट फवाऱ्याचं नोझल आणि दोन-तीन फूट अंतर. कौलांखाली, खिडकीच्या फटीत, एसीच्या जाळीत पाणी मारू नका. टोकदार धार कातडी फोडून आत शिरते; जखम लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जा. शिडीवर चढून तर हे मशीन कधीच चालवू नका, त्याचा मागचा धक्का माणसाला पाडतो.

काम झाल्यावर सॉकेट आणि दिव्यांच्या पेट्या पूर्ण वाळेपर्यंत मेन स्विच लावू नका, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी लावा. रंग द्यायचा असेल तर भिंतीला निदान चार-पाच कोरडे दिवस द्या. उरलेलं ब्लीचिंगचं पाणी पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. त्याचा जोर तसाही काही दिवसांत जातो, आणि घरात कोणीतरी ते पाणी समजून पिऊ शकतं. भरपूर पाणी मिसळून गटारीत सोडा, विहिरीकडे जाणाऱ्या पाटात नको.