युरोपात पीएच.डी.साठी अर्ज करताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात ओळखीपाळखीतून मुलांचे अर्ज माझ्याकडे 'जरा नजर टाका' म्हणून येतात. मुलं हुशार, मार्क उत्तम, तरी कुठूनच उत्तर येत नाही. बहुतेकांची गफलत एकच असते: ती ॲडमिशन मागत असतात. नेदरलँड्स, स्वीडन, जर्मनीत पीएच.डी.ची जागा ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो. म्हणून आधी जाहिरात शब्दन्‌शब्द वाचा. अर्ज पोर्टलवरच भरायचा असेल, तर प्राध्यापकांना ईमेलने पाठवलेला सीव्ही अर्ज धरला जात नाही. आणि नुसत्या बी.टेक.वर घाई करू नका, बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतं.

'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब.' हे वाक्य जगातल्या कुठल्याही प्राध्यापकाला धाडता येतं, म्हणूनच ते कुणालाच भिडत नाही. मध्यंतरी एका मुलीचं पत्र वाचलं. जाहिरात होती सांडपाण्यातल्या, अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर. हिने एम.एस्सी.ला मुळा नदीच्या पाण्यातले तसलेच जिवाणू वाढवले होते! पण ते दुसऱ्या पानाच्या तळाशी. पहिला परिच्छेद सगळा 'लहानपणापासून विज्ञानाची आवड'. तो आम्ही काढून टाकला आणि नदी वर आणली: नमुने किती घेतले, कुठून घेतले, कोणती चाचणी फसली, मग काय बदललं. पत्र एका पानात बसलं आणि तिचं वाटू लागलं.

सीव्हीतून वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही आणि शेवटचं 'आय हिअरबाय डिक्लेअर' काढून टाका.

युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या मेरी स्क्वोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क या योजनेतल्या पीएच.डी.च्या जागांना पगार चांगला असतो, म्हणून झुंबड उडते. पण त्यांचा एक नियम भल्याभल्यांना नडतो. रुजू होण्याच्या तारखेआधीच्या 36 महिन्यांत त्या देशात तुमचं राहणं किंवा मुख्य काम 12 महिन्यांपेक्षा जास्त झालेलं चालत नाही. म्युनिकमध्ये दोन वर्षं मास्टर्स करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला या योजनेतली जर्मनीतली जागा मिळणार नाही, नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधली मिळू शकते. पुण्याहून थेट जाणाऱ्याला हा अडसर नाही. रात्र-रात्र जागून अर्ज लिहिण्याआधी महिने मोजा.

जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई 13, 65 टक्के' दिसलं की घरचे घाबरतात. 'टीव्ही-एल ई 13' ही तिथली सरकारी वेतनश्रेणी; करारातले तास आणि पगार तिच्या 65 टक्के, एवढाच त्याचा अर्थ. काम मात्र अनेकदा पूर्ण वेळाचं होतं, हे मनाशी धरूनच हो म्हणा. शिवाय तिथे प्राध्यापकांनी नोकरी दिली तरी पीएच.डी.चे उमेदवार म्हणून विद्याशाखेची मान्यता वेगळी घ्यावी लागते.

आता शिफारसपत्रं. आपल्याकडे सर सहज म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तसं करू नका. दोन पत्रांची भाषा सारखी निघाली की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. त्याऐवजी सरांना एका पानाचं टिपण द्या: प्रकल्प कोणता, त्यात तुम्ही स्वतः काय केलं, जाहिरातीत काय मागितलंय. निदान तीन आठवडे आधी द्या, आणि न विचारता कुणाचं नाव टाकू नका. अनेक पोर्टल सरांच्या ईमेलवर परस्पर लिंक पाठवतात. दोन दिवसांत पत्र चढलं नाही, तर संकोच न करता फोन करा आणि त्यांना स्पॅम फोल्डर उघडून बघायला सांगा.