फिकट चट्ट्यातल्या टी सेल्सचं सिक्वेन्सिंग कसं करायचं

आपल्याकडे सावळ्या कातडीवर फिकट चट्टे दिसले की आधी कोड, शिबं नाहीतर कुष्ठरोग आठवतो आणि ते बरोबरच आहे, चट्टा सुन्न आहे का ते आधी बघायलाच हवं. पण याच चट्ट्यांमागे कधीकधी मायकोसिस फंगॉइडिस असतो, म्हणजे कातडीतल्या टी सेल्सचा (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा, एक कॅन्सर. त्याचा फिकट प्रकार गोऱ्यांपेक्षा आपल्यासारख्या कातडीत आणि लहान वयात जास्त दिसतो, आणि सुरुवातीला मायक्रोस्कोपखाली तो इसबासारखाच दिसू शकतो. अशा वेळी टी सेल रिसेप्टरचं, म्हणजे टी सेल ज्याने आपलं लक्ष्य ओळखते त्याच्या जीनचं, सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं) खूप कामाला येतं, नीट केलं तर.

यामागची कल्पना सोपी आहे. थायमसमध्ये प्रत्येक टी सेल रिसेप्टरच्या जीनचे व्ही, डी, जे असे तुकडे स्वतःच्या पद्धतीने जोडते, त्या जोडाच्या जागेला सीडीआर-३ म्हणतात, आणि पुढे तिच्यापासून झालेल्या सगळ्या सेल्समध्ये तोच जोड असतो. म्हणून एकच सीडीआर-३ ढिगाने सापडला तर एकच सेल वाढत गेलीये असं धरायचं, यालाच क्लोन म्हणतात. निरोगी कातडीतही सुमारे २० अब्ज टी सेल्स असतात, रक्तातल्यापेक्षा जवळपास दुप्पट, त्यामुळे क्लोन नेहमी या गर्दीतून वेगळा काढायचा असतो.

आता बायोप्सी, म्हणजे तपासायला कातडीचा छोटा तुकडा काढणं. डॉक्टरांना विचारून स्टेरॉईडचं मलम दोन ते चार आठवडे आधी बंद करा, नाहीतर टी सेल्सच कमी झालेल्या असतात. तुकडे दोन वेगळ्या चट्ट्यांतून घ्या, हे का ते पुढे येईलच. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला द्या, दुसरा लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवा. आधीच्या बायोप्सीचा मेणात बसवलेला जुना पॅराफिन ब्लॉकच हातात असेल तरी चालतं, फक्त त्यातला डीएनए तुटलेला असतो म्हणून डीएनएचे छोटे तुकडे वाढवणारी पीसीआर (हव्या त्या डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) निवडा. सोबत ईडीटीए ट्यूबमध्ये (त्यात रक्त गोठत नाही) रक्तही घ्या. कन्सेंट आणि एथिक्स कमिटीची परवानगी अर्थातच आधी हवी.

डीएनए घ्यायचा की आरएनए? सेल्स मोजायच्या असतील तर डीएनए, कारण आरएनए एका सेलमध्ये कमी तर दुसरीत जास्त असतो. पण इथे एक हिशोब करून बघाच. एका सेलमध्ये साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे १०० नॅनोग्रॅममध्ये साधारण १५ हजार सेल्स झाल्या, पण त्यातल्या बहुतेक केराटिनोसाइट्स, म्हणजे कातडीच्याच साध्या सेल्स, टी सेल्स समजा ५ टक्के, म्हणजे हातात उरल्या जेमतेम ७५०, आणि पीसीआर त्यातल्याही सगळ्या पकडत नाही. इतक्या थोड्या सेल्समधून सुरुवात केली की एखादी सेल नुसत्या योगायोगाने पुढे जाते आणि रिझल्टमध्ये क्लोन असल्यासारखी दिसते. हा खोटा क्लोन. फिकट चट्ट्यात टी सेल्स तशाही कमी असतात, त्यामुळे इथे हमखास फसायला होतं. उपाय एकच, त्याच डीएनएच्या दुसऱ्या भागावर पीसीआर पुन्हा वेगळी लावायची. खरा क्लोन दोन्हीकडे येतो, खोटा दुसऱ्या वेळी गायब होतो किंवा त्याच्या जागी भलताच कोणीतरी येतो. पैसे वाचवायला ही पायरी गाळू नका, प्लीज.

पीसीआर रिसेप्टरच्या गॅमा आणि बीटा दोन्ही जीनवर करा. गॅमामध्ये विविधता कमी, त्यामुळे निरोगी माणसातही काही सीक्वेन्स सारखे निघतात, बीटा जास्त नेमका असतो पण प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) न बसल्याने कधी क्लोन निसटतो. टेम्प्लेट नसलेला, म्हणजे पेशंटचा डीएनए न घातलेला कंट्रोल प्रत्येक वेळी लावा. प्रत्येक सॅम्पलला दोन्ही बाजूंनी वेगळे इंडेक्स (सॅम्पल ओळखायला जोडलेली डीएनएची खूण) द्या, नाहीतर एका पेशंटचा मोठा क्लोन शेजारच्या सॅम्पलमध्ये थोडा थोडा दिसायला लागतो आणि वाटतं दोघांचा क्लोन एकच आहे.

डेटा आला की मिक्ससीआर हे सॉफ्टवेअर वापरून व्ही, जे आणि सीडीआर-३ काढा, पुढचे ग्राफ आर या प्रोग्रामिंग भाषेत इम्यूनार्क या पॅकेजने होतात. दोन बीटा सीक्वेन्स जवळपास सारख्याच टक्केवारीत दिसले तर लगेच दोन क्लोन मोजू नका, एकाच सेलच्या दोन्ही क्रोमोसोमवर जोडणी झालेली असू शकते, त्यातला एक बऱ्याचदा प्रोटीन न बनवणारा असतो. आणि टक्केवारी कशाची ते तपासा, सगळ्या टी सेल्सपैकी की तुकड्यातल्या सगळ्याच सेल्सपैकी. २०१८ च्या एका अभ्यासात सुरुवातीच्या स्टेजच्या पेशंटमध्ये क्लोन टी सेल्सच्या २५ टक्क्यांवर असेल तर आजार पुढे वाढण्याचा धोका जास्त दिसला, हा आकडा टी सेल्सपैकीचा आहे, दुसऱ्या हिशोबाला लावू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लोन सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. लायकेन प्लॅनस, पिटिरियासिस लायकेनॉइडिस अशा कॅन्सर नसलेल्या आजारांतही क्लोन निघतात. २००५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत निदानाला चार गुण लागतात आणि क्लोनला त्यातला एकच गुण आहे, बाकीचे गुण चट्ट्याचं रूप, पॅथॉलॉजी आणि मार्करचे (सेल्सवरच्या ओळखीच्या प्रोटीन्सचे). मात्र दोन लांबच्या चट्ट्यांमध्ये हुबेहूब तोच सीडीआर-३ आला तर संशय बराच पक्का होतो, म्हणून दोन तुकडे. मार्करही जुळवून बघा, फिकट प्रकारात बिघडलेल्या सेल्स बऱ्याचदा सीडी-८ हा मार्कर असलेल्या असतात.

टी सेल नेमकी कशाला ओळखते हे शोधायचं असेल तर मात्र हे पुरत नाही, रिसेप्टरच्या अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांची जोडी लागते आणि ती सिंगल सेल सिक्वेन्सिंगमधूनच (एकेक सेल वेगळी वाचून) सरळ मिळते. सोरायसिसमध्ये म्युनिकच्या ग्रुपने २०१५ मध्ये अशाच एका जोडीवरून रंगपेशींमधलं एडीएएमटीएसएल-५ हे प्रोटीन टी सेल्सचं लक्ष्य असल्याचं दाखवलं. सिंगल सेलसाठी ताजी कातडी कोलॅजिनेज या एन्झाइमने सुटी करावी लागते, त्यात बऱ्याच सेल्स मरतात.

रिपोर्टमध्ये नुसतं 'क्लोन पॉझिटिव्ह' लिहून सोडू नका. व्ही आणि जे ची नावं, सीडीआर-३ ची पूर्ण अक्षरं, टक्केवारी, किती डीएनए घातला, दुसऱ्या पीसीआरमध्ये आला का, सगळं लिहा. उरलेला डीएनए उणे ८० अंश सेल्सिअसला जपून ठेवा, कारण हे चट्टे वर्षानुवर्षं रेंगाळतात आणि पुढची बायोप्सी कदाचित वेगळ्या शहरात, वेगळ्या किटवर होईल, तेव्हा जुळवायला तीच अक्षरं लागणार.