जुने मेसेंजर प्रोग्राम ताडून कसे पाहावेत

महाविद्यालयातील प्रकल्पासाठी किंवा घरातल्या जुन्या संगणकात अडकलेली संभाषणे सोडवून घेण्यासाठी सुरुवातीच्या मेसेंजर प्रोग्रामची तुलना करण्याची वेळ आली, की बहुतेक जण हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे, निरोप आल्याचा आवाज आणि खिडकीचे रंग यांपासून सुरुवात करतात. त्या आठवणी गोड असल्या, तरी प्रोग्रामचे गुणदोष त्यांतून कळत नाहीत. दोन प्रश्न आधी विचारावेत, असा माझा आग्रह आहे. समोरची व्यक्ती संगणकापाशी नसताना आपल्या निरोपाचे काय होत असे, आणि प्रोग्राम सोडताना किंवा बंद पडताना आपल्या हाती काय उरत असे? २००० सालानंतरची काही वर्षे मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत संध्याकाळचे काम पाहत होतो, आणि तिथे येणाऱ्या माणसांच्या अडचणी पाहूनच हा क्रम माझ्या मनात पक्का झाला.

तुलना सुरू करण्यापूर्वी साल आणि आवृत्ती निश्चित करावी. इस्रायलमधील मिराबिलिस कंपनीचा आयसीक्यू नोव्हेंबर १९९६ मध्ये आला, एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीचा इन्स्टंट मेसेंजर, म्हणजे एआयएम, मे १९९७ मध्ये. याहू पेजर मार्च १९९८ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव याहू मेसेंजर झाले. मायक्रोसॉफ्टचा एमएसएन मेसेंजर जुलै १९९९ मध्ये आला. हे सगळे प्रोग्राम दरवर्षी बदलत गेले, त्यामुळे १९९८ चा आयसीक्यू आणि २००५ चा एमएसएन शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष दोघांवरही अन्याय करतो. मी स्वतः २००१ हे साल धरतो, कारण त्या वेळी चौघेही बाजारात होते आणि आपल्याकडे सायबर कॅफे भरात होते. वहीचे पान आडवे धरून वर प्रोग्राम आणि आवृत्ती लिहावी, डावीकडे प्रश्न लिहावेत, आणि प्रत्येक चौकटीत ‘होते’ किंवा ‘नव्हते’ एवढ्यावर न थांबता ते कसे चालत असे हे एका वाक्यात नोंदवावे.

उत्तरे शोधताना त्या काळातील मदत-पुस्तिका, आवृत्तीसोबतच्या सूचना आणि तेव्हाची संगणक-मासिके यांना पहिला मान द्यावा. मूळ सेवा आता उरलेल्या नाहीत. एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये आणि आयसीक्यू जून २०२४ मध्ये बंद झाला. एमएसएनचे काम बहुतेक देशांत २०१३ मध्येच थांबले होते. हौशी मंडळींनी जुन्या प्रोग्रामसाठी स्वतःचे सर्व्हर उभे केले आहेत आणि त्यांवर जुनी खिडकी पुन्हा जिवंत झालेली पाहता येते. पण तिथे निरोप कसा पोहोचतो हे नव्या सर्व्हरवर ठरते, म्हणून दिसणे आणि हाताळणे यांपलीकडे तो पुरावा मानू नये.

आता पहिला प्रश्न. हिवाळ्यात नाशिकला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. गंगापूर रोडवरून दर शनिवारी येणाऱ्या एक काकू मला आठवतात. मुलगा तिकडे नोकरीला, घरी संगणक नाही, आणि कॅफेत तासावर पैसे मोजायचे. मुलगा झोपेत असताना लिहिलेला निरोप त्याला उठल्यावर मिळणे, हीच त्यांची खरी गरज होती. याहू आणि आयसीक्यू असा निरोप सर्व्हरवर राखून ठेवत आणि समोरची व्यक्ती जोडली गेली की पोहोचवत. एआयएम आणि एमएसएनमध्ये त्या वर्षांत ही सोयच नव्हती. यादीतले नाव निष्प्रभ दिसत असेल, तर बोलण्याचा मार्गच बंद. एमएसएनला ही सोय विंडोज लाइव्ह मेसेंजर हे नाव घेण्याच्या सुमारास मिळाली. अमेरिकेत एकाच वेळी ऑनलाइन असणाऱ्या शाळकरी मित्रांना एआयएमचा हा दोष फारसा जाणवला नसेल. दोन गोलार्धांत विभागलेल्या कुटुंबाला मात्र तो पहिल्याच दिवशी जाणवे. म्हणून चौकट भरताना दोष कोणासाठी होता, हेही लिहावे.

त्यानंतर नावांची यादी कुठे राहत असे, हे पाहावे. आयसीक्यूच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत आपल्या मित्रांची यादी आपल्याच संगणकात साठवलेली असे, आणि प्रत्येकाची ओळख म्हणजे नाव नसून एक लांबलचक क्रमांक असे. एकदा आमच्या कॅफेतला एक संगणक व्हायरसमुळे पुन्हा फॉरमॅट करावा लागला, आणि त्याच संगणकावर रोज बसणारा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी दुसऱ्या दिवशी आयसीक्यू उघडून रिकाम्या खिडकीकडे पाहत राहिला. खाते शाबूत होते, पासवर्ड चालत होता, पण एकही नाव उरले नव्हते, आणि मित्रांचे आठ-नऊ आकडी क्रमांक कोणाच्या लक्षात राहणार? फॉरमॅट करण्यापूर्वी विचारायला हवे होते, हे मला तेव्हा सुचले नाही आणि त्याची रुखरुख आजही आहे. याहू, एआयएम आणि एमएसएन यांची यादी सर्व्हरवर असल्यामुळे माणूस शालिमारच्या कॅफेतून उठून नाशिक रोडच्या कॅफेत बसला, तरी त्याची माणसे त्याच्याबरोबर येत. घरी स्वतःचा संगणक असणाऱ्याला हा फरक बारीक वाटेल. रोज वेगळ्या खुर्चीवर बसणाऱ्याला तो निर्णायक होता. आयसीक्यूने ही यादी पुढच्या आवृत्त्यांत सर्व्हरवर नेली.

कोणाशी बोलता येते, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण सगळ्यांचे उत्तर जवळपास एकच होते: ज्याच्याकडे आपलाच प्रोग्राम आहे त्याच्याशीच. १९९९ मध्ये एमएसएनने एओएलच्या वापरकर्त्यांशी बोलण्याची सोय दिली, एओएलने ती अडवली, मायक्रोसॉफ्टने वाट काढली, एओएलने ती पुन्हा बंद केली, आणि काही महिन्यांनी तो प्रयत्न सोडून देण्यात आला. याहू आणि एमएसएन एकमेकांना जोडले गेले ते थेट २००६ मध्ये. ट्रिलियन किंवा गेम (Gaim), ज्याचे नाव २००७ मध्ये पिजिन झाले, अशा प्रोग्रामना तुलनेत स्वतंत्र रकाना द्यावा आणि त्यांचे काम नेमके नोंदवावे. ते सगळ्या याद्या एका खिडकीत आणत. मात्र प्रत्येक सेवेचे खाते वेगळेच लागे आणि कंपनीने आपली पद्धत बदलली की जोडणी तुटे. ही कोंडी मुळापासून सोडवण्याचा प्रयत्न जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या जॅबरने केला. त्यात ई-मेलसारखे वेगवेगळ्या सर्व्हरवरचे लोक एकमेकांशी बोलू शकत. गूगल टॉकने २००५ मध्ये हीच पद्धत स्वीकारली आणि २००६ मध्ये इतर सर्व्हरनाही दार उघडले. माझ्या मते या सगळ्या पिढीतली सर्वांत चांगली कल्पना हीच होती, आणि ती मोठ्या कंपन्यांनी पुढे सोडून दिली याचे मला मनापासून वाईट वाटते.

गुप्ततेबद्दल थोडक्यात पुरे. या चारही प्रोग्राममधील निरोप त्या काळी उघड्या मजकुरात प्रवास करत. कॅफेतले सगळे संगणक एकाच हबला, म्हणजे जोडणीच्या पेटीला, जोडलेले असत, आणि हब प्रत्येकाचा मजकूर सगळ्यांकडे पाठवतो, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरून योग्य प्रोग्राम चालवणाऱ्याला तो वाचता येणे शक्य होते. आयसीक्यू तर सुरुवातीला समोरच्याचा आयपी पत्ताही, म्हणजे त्याच्या संगणकाचा इंटरनेटवरचा क्रमांकही, दाखवत असे.

लिपीचा प्रश्न इंग्रजी लेखांत सापडत नाही, म्हणून तो आपण आपल्या पानावर आवर्जून लिहावा. कॅफेतील विंडोज ९८ वर युनिकोड देवनागरी, म्हणजे आज सगळीकडे सारखीच दिसणारी देवनागरी, नीट चालत नसे. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिले, तर दोन्हीकडे तोच फॉन्ट लागे. त्यामुळे सगळे रोमन अक्षरांत मराठी लिहीत, आणि ‘काल’, ‘काळ’ व ‘कळ’ या तिन्ही शब्दांना तीच तीन अक्षरे पुरत. ‘काल आली’ की ‘कळ आली’ हे संदर्भावरून ओळखताना काकू पडद्याशी वाकून वाक्य दोनदा मोठ्याने वाचत.

शेवटची चौकट नोंदींची, म्हणजे संगणकात जपलेल्या संभाषणांची. ती भरण्यासाठी जुनी हार्ड डिस्क हाताशी असेल, तर प्रथम तिची पूर्ण प्रत काढावी आणि पुढचे सगळे काम प्रतीवरच करावे. याहूमध्ये संभाषणे जपण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर प्रोग्राम फाइल्समधील याहूच्या फोल्डरात प्रोफाइल्स, त्यात वापरकर्त्याच्या नावाचा फोल्डर आणि त्यात आर्काइव्ह असा क्रम सापडतो. आतल्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर केवळ अगम्य चिन्हे दिसतात. घाबरून ती खराब झाली असे समजू नये. याहू प्रत्येक निरोप त्या वापरकर्त्याच्या आयडीची अक्षरे किल्ली म्हणून वापरून झाकत असे, त्यामुळे आयडी ठाऊक असेल तर साध्या वाचक-प्रोग्रामने मजकूर उलगडतो. गुप्ततेच्या दृष्टीने हा दोषच होता, कारण किल्ली फोल्डरच्या नावातच लिहिलेली. आज मात्र त्याच दोषामुळे नोंदी वाचता येतात. एमएसएनच्या पुढच्या आवृत्त्यांतील नोंदी एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, ‘माय रिसीव्ह्ड फाइल्स’च्या आतील हिस्टरी फोल्डरात असतात आणि नोटपॅडमध्येही वाचता येतात. जुन्या आयसीक्यूच्या नोंदींच्या डॅट आणि आयडीएक्स फाइल जोडीने असतात, तेव्हा दोन्ही एकत्र उचलाव्यात.

हार्ड डिस्क दुरुस्तीवाल्याकडे द्यायची असेल, तर फोल्डरांची नावे बदलू नयेत असे त्याला आधीच सांगावे, आणि वापरकर्त्याचा आयडी लहान अक्षरे, अंक व खालची रेघ यांसकट कागदावर लिहून तो कागद डिस्कच्या डबीला चिकटवून द्यावा.