एकट्या राहणाऱ्या काकूंकडे जायचं ठरवलंत, तर

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर. इंदूरच्या आपल्या मराठी वस्त्यांत अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात, घरात काकू एकट्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अशा घरी जाते, म्हणून तरुण मंडळी विचारतात, "आम्ही काय करू?" वार आणि वेळ ठरवा आणि पाळा, एवढंच सांगते, आणि ते त्यांना फारसं रुचत नाही. पण दिवाळीला फळांची करंडी देऊन फोटो काढणाऱ्यापेक्षा दर बुधवारी पाचला रिकाम्या हाती येणारा माणूस बरा. काकू चारपासून केस विंचरून बसलेल्या असतात. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशीच फोन करा.

पहिल्यांदा दोघांनी जा, शक्यतो त्यांच्या ओळखीच्या शेजाऱ्याला घेऊन. "अंकल-आंटी" नको; काका, काकू, आजी म्हणा. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. "मुलं येतात का हो?" हे विचारू नका. सांगायचं असेल तर त्या आपणहून सांगतील, आणि तेव्हा मुलांना नावं ठेवू नका. संध्याकाळी त्याच मुलाचा फोन यायचा असतो. जिलबी नेण्याआधी साखरेचं विचारून घ्या. पोह्यांवरची शेव मात्र कुणी सोडत नाही, दात असोत-नसोत.

आता कडीचं, कारण याकडे कुणाचंच लक्ष नसतं. शेजारी जादा किल्ली ठेवली म्हणजे झालं असं सगळे समजतात. पण काकू आतून कडी घालून न्हाणीघरात पडल्या तर ती किल्ली काय कामाची? बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवून घ्या आणि रात्री फक्त तेच लावायला सांगा. चोराची भीती खरी असते, हसू नका. दोन-तीन भेटींत हळूहळू पटतं. न्हाणीघरात आधाराची दांडी आणि रात्रीचा दिवा हवा. सकाळी कचरागाडी येते तेव्हा काकू बादली घेऊन दिसल्या का, एवढं पाहायला खालच्या मजल्यावरच्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे याहून स्वस्त पहारा नाही.

कुणी पडलेलं दिसलं तर झटकन ओढून उठवू नका. कुठे दुखतंय, पाय हलतोय का ते विचारा. कंबर किंवा मांडी दुखत असेल तर तसंच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघून वेळ लिहा आणि लगेच इस्पितळ गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.

औषधांचा डबा महिन्यातून एकदा दोघांनी मिळून पाहा. दोन डॉक्टर असले की एकच औषध दोन नावांनी घरात येतं. शंका आली तर पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

पैशाला हात लावू नका. बँकेत आयुष्य गेलं म्हणून जरा कडक बोलते: एटीएमचा पिन, ओटीपी, पासबुक, काहीही जवळ ठेवायचं नाही, त्यांनी आग्रह केला तरी. किराणा आणलात तर बिल आणि उरलेले पैसे तिथल्या तिथे द्या. "डिजिटल अरेस्ट"वाल्यांचे फोन येतात; पोलीस फोनवरून अटक करत नाहीत, हे मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. केंद्र सरकारच्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. चेहरा दाखवून मोबाइलवर घरबसल्या होतो. वय ७० पार असेल तर उत्पन्न न पाहता मिळणारं आयुष्मान कार्ड काढलं आहे का, तेही विचारा. घरात कुणी त्रास देतं, उपाशी ठेवतं असं लक्षात आलं, तर एकट्याने भांडायला जाऊ नका. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

आणि तुम्हाला नोकरीसाठी गाव सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगा. जो पुढे येणार आहे त्याला शेवटचे काही बुधवार सोबत घेऊन जा, आणि साखर, कान, किल्ली, डॉक्टर यांची वही त्याला काकूंच्या समोरच द्या.