प्लगइनच्या हातात अख्खं ॲप देऊ नका

प्लगइन म्हणजे ॲपला बाहेरून जोडता येणारा जादा कोड. त्याची सिस्टिम करायला घेतली की सगळे आधी लोडरच्या, म्हणजे प्लगइन शोधून चालू करणाऱ्या कोडच्या, मागे लागतात. पायथनमध्ये एंट्री पॉइंट्स (पॅकेजने ‘माझ्यात हे प्लगइन आहे’ असं जाहीर करायची सोय) वापरले तर ते काम एका दुपारचं आहे. त्यात जीव अडकवू नका.

खरा खड्डा पुढे आहे, आणि तो मला चांगलाच माहितीये. प्लगइनला द्यायचं काय? सगळ्यात सोपं म्हणजे अख्खा ॲप ऑब्जेक्ट देऊन टाकायचा. डेमो झकास होतो. मग कुणी थेट डेटाबेसचं टेबल वाचतं, कुणी अंडरस्कोरवालं, म्हणजे फक्त आतल्या वापराचं, फंक्शन बोलावतं, कुणी मेनूच्या यादीत मधेच आपलं बटण घुसवतं. यातलं काहीच तुम्ही कबूल केलेलं नसतं. तरी पुढच्या आवृत्तीत साधं एक नाव बदललं की लोकांची प्लगइन्स मोडतात आणि शिव्या तुम्हाला पडतात. डॉक्युमेंटेशनमध्ये ‘हे वापरू नये’ लिहून काही होत नाही. हाताला लागेल ते लोक वापरणारच.

फायरफॉक्सची जुनी ॲड-ऑन्स ब्राउझरच्या पोटात कुठेही हात घालू शकत, म्हणून तर ती इतकी जबरदस्त होती. पण ब्राउझर अनेक प्रोसेसमध्ये विभागायची वेळ आली तेव्हा तेच नडलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने ती पद्धत बंद केली आणि कित्येकांची आवडती ॲड-ऑन्स गेली. व्हीएस कोड या कोड एडिटरने उलट केलं: एक्स्टेन्शन (तिथलं प्लगइन) वेगळ्या प्रोसेसमध्ये, एडिटरच्या डॉमला, म्हणजे पडद्यावरच्या रचनेला, हात लावायला बंदी. लिहिणाऱ्याला जाच होतो, पण आतला कोड बदलायला टीम मोकळी राहते.

मग द्यायचं काय? हुक, म्हणजे प्लगइनला बोलवायच्या तुम्ही ठरवून दिलेल्या जागा. घाबरू नका, सुरुवात दोन-तीन हुकांवर होते. आपलंच एखादं फीचर त्याच हुकांवर लिहून बघा. व्हीएस कोडमधला गिटचा भागही एक्स्टेन्शनच आहे. अडलात तर हुक वाढवा. पायटेस्ट या पायथनच्या टेस्टिंग साधनाच्या मागची प्लगी ही लायब्ररी जरूर वाचा. त्यात प्लगइन हुकचे हवे तेवढेच आर्ग्युमेंट घेतं, त्यामुळे नंतर नवा आर्ग्युमेंट वाढवला तरी जुनं प्लगइन चालत राहतं.

‘सगळं जेनेरिक ठेव, कशालाही चालेल असं’ म्हणणारे सीनियर भेटतील. ज्यांनी दुसऱ्याच्या सिस्टिमसाठी एकही प्लगइन लिहिलेलं नाही, त्यांचं ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

आणि हो, पायथनमध्ये त्याच प्रोसेसमध्ये चालणारं प्लगइन ठरवलं तर काहीही करू शकतं. तुमची हुकांची यादी त्याला अडवत नाही. अनोळखी कोड चालवायचा असेल तर वेगळी प्रोसेस, तीही कमीत कमी परवानग्यांची.